घरात कुणाला टीबी होता का?

"घरात कुणाला कधी टीबी झाला होता का?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी लगेच "नाही" म्हणाले. आठवून बघायलाही थांबले नाही. त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर त्या रकान्यात "नाही" लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. ते उत्तर चुकीचं होतं हे मला दहा-बारा दिवसांनी कळलं, तेही चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवशी, गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली बसून.

ही गोष्ट ऑगस्ट २०२४ ची. मला सांधे सुजवणारा आमवात होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास बोटं मिटत नसत. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा, वेणी मुलीने घालून द्यायची. फळ्यावर लिहिताना खडू बोटांत धरवेना, म्हणून तो मुठीत धरून लिहायची आणि पोरं म्हणायची, "बाई, आज अक्षर वाकडं आलं." मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध दर आठवड्याला चालू होतं, सोबत आणखी दोन गोळ्या आणि वर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. तरी सीआरपी, म्हणजे रक्तातला सूज दाखवणारा आकडा, खाली येत नव्हता आणि उजव्या मनगटाच्या एक्सरेत हाड झिजायला लागल्याचं दिसलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता बायोलॉजिक, म्हणजे सुजेच्या मुळाशी असलेलं द्रव्यच अडवणारं औषध, सुरू करू. अडॅलिमुमॅबचं इंजेक्शन, ४० मिलीग्रॅम, दर दोन आठवड्यांनी कातडीखाली घ्यायचं.

मी म्हटलं, "उद्यापासूनच द्या."

"आधी टीबीची तपासणी. ती झाल्याशिवाय मी इंजेक्शन लिहून देणार नाही."

मला रागच आला. खोकला नाही, ताप नाही, वजन उलट वाढलेलं. टीबी कुठून आला मध्येच? डॉक्टरांनी तेव्हा पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. बाहेर बसलेल्यांची रांग मोठी होती, तरी त्यांनी घाई केली नाही, याचं मला अजून अप्रूप आहे.

टीबीचे जंतू श्वासातून आत गेले की दर वेळी आजार होतोच असं नाही. बहुतेकांच्या शरीरात आपल्याच पेशी त्या जंतूंभोवती कडं करतात आणि त्यांना आत कोंडून ठेवतात. जंतू मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. माणसाला काही होत नाही, त्याच्यापासून दुसऱ्या कुणाला लागणही होत नाही. हा सुप्त टीबी. जगातल्या साधारण चौथा हिस्सा माणसांना अशी लागण झालेली असावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. पण ते कडं टिकून राहायला टीएनएफ नावाचं एक द्रव्य लागतं. माझ्या सांध्यांना सुजवणारं द्रव्यही तेच. अडॅलिमुमॅब त्यालाच अडवतं. सांधे निवळतात, आणि आत कुठे कडं असलंच तर तेही सैल पडतं. याच जातीचं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध बाजारात आल्यावर २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ते घेतलेल्या ७० जणांना टीबी झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचा टीबी फुप्फुसाबाहेर होता, म्हणजे खोकल्यावरून कळणारा नव्हता. अशी औषधं देण्याआधी टीबी तपासायचाच, ही शिस्त त्यानंतर पक्की झाली.

हे ऐकल्यावर माझा राग गेला. कागद घेऊन बाहेर पडले. त्यावर मॅन्टू टेस्ट, छातीचा एक्सरे, लिव्हरची तपासणी, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही असं सगळं लिहिलं होतं.

मॅन्टू करायला मी एका खासगी लॅबमध्ये गेले तो दिवस गुरुवार, ५ सप्टेंबर. शिक्षकदिन. पोरांनी दिलेली जास्वंदीची फुलं पर्समध्येच होती. ही टेस्ट म्हणजे ट्यूबरक्युलिन नावाच्या द्रवाचा एक दशांश मिलीलीटर, हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, कातडीच्या अगदी वरच्या थरात टोचायचा. सुई जवळजवळ आडवी धरतात. नीट टोचलं की तिथे लगेच पांढुरका फुगवटा येतो, वाटाण्याच्या सालीएवढा, आणि थोड्या वेळात बसतो. त्याच्याभोवती निळ्या पेनाने गोल केला. चोळायचं नाही, खाजवायचं नाही, पट्टी लावायची नाही. ४८ ते ७२ तासांच्या आत दाखवायला यायचं.

मी मनातल्या मनात हिशेब केला. ४८ तास म्हणजे शनिवार आणि ७२ म्हणजे रविवार. शनिवारी चवथ. "तुम्ही उघडे असाल ना?" म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "कुणीतरी असेल, या." मी या उत्तरावर विश्वास ठेवला. गोव्यात चवथीला दुकानंच काय, रस्तेही ओस पडतात हे मला जन्मापासून माहीत आहे, तरीही ठेवला.

आमचं मूळ घर सत्तरी तालुक्यात. दीड दिवसाचा गणपती. शुक्रवारी संध्याकाळी पोचलो तेव्हा माटोळी बांधून झाली होती. चिबूड, तोरिंगं, सुपारीची शिपटं, कांगल्या आणि जंगलातून आणलेली कितीतरी फळं. शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी चौरंगासमोर खालीच बसले होते. बाही वर सरकलेली. आत्याचं लक्ष गेलं. ब्याऐंशी वर्षांची आहे, पण नजर शाबूत.

"हाताक कितें जालां गो?"

मी सांगितलं की टीबीची टेस्ट आहे, आता सगळ्यांचीच करतात. 'टीबी' शब्द ऐकल्यावर तिने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, तिथे कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग हळूच म्हणाली, "तुला सांगितलं नव्हतं कुणी? भाऊला होता तो."

भाऊ म्हणजे माझे धाकटे काका. तरुणपणी खाणीवर कामाला होते. १९८४ मध्ये खोकला धरला, संध्याकाळचा ताप येऊ लागला, अंगावरचं मांस उतरलं. आधी गावात औषधं झाली, मग पणजीला सांतिनेजच्या टीबी हॉस्पिटलात काही महिने ठेवलं. गावात सांगितलं की पोटाचं ऑपरेशन आहे. तेव्हा घरात दोन लग्नाच्या मुली होत्या. बातमी फुटली असती तर त्यांची स्थळं मोडली असती, असं आजोबांचं म्हणणं. मग ते घरात कायमचंच गप्प झालं. काका बरे झाले, पुढे लग्न झालं, २००९ मध्ये हृदयविकाराने गेले. त्या खोकल्याचा विषय कधी निघाला नाही.

१९८४ मध्ये मी सहा वर्षांची. त्या पावसाळ्यात मी वसरीवर काकांच्या शेजारी झोपायची, कारण ते गोष्टी सांगायचे. आणि मला एक ॲल्युमिनियमचं ताट आठवलं. बाकी सगळी ताटं फळीवर उभी लावलेली, ते मात्र मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं. काठाला पोचा आलेला. त्यात फक्त काका जेवायचे आणि जेवून झालं की ते स्वतःच विहिरीवर घासायचे. मला वाटायचं ते त्यांचं आवडतं ताट आहे. मी एकदा त्यातून जेवायचा हट्ट धरला तेव्हा आईने मला मारलं होतं, का मारलं ते इतकी वर्षं कळलं नव्हतं. खरं म्हणजे टीबी ताटातून, वाटीतून लागतच नाही. खोकल्यातून, हवेतून लागतो. ताट वेगळं होतं आणि अंथरूण माझ्या अंथरुणाला लागून होतं.

त्या रात्री मी निळ्या गोलावरून बोट फिरवलं. मध्ये मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी घट्ट लागत होतं. रविवारी सकाळी हे मला स्कूटरवरून घेऊन निघाले. चाळीस मिनिटांनी लॅबसमोर पोचलो तर शटर बंद. फोन नुसता वाजत राहिला. दुपारी ७२ तास उलटून गेले.

सोमवारी लॅब उघडली. तोपर्यंत जागेवर फिकट डाग तेवढा उरला होता. तिथल्या माणसाने काउंटरच्या पलीकडूनच हात पाहिला, बोटही लावलं नाही. "काही नाही, निगेटिव्ह." आणि रिपोर्ट हातात दिला. त्यात छापलं होतं, ४८ तासांनी वाचन, घट्टपणा शून्य मिलिमीटर. मी म्हटलं, "अहो, आज चौथा दिवस आहे." तो म्हणाला, "चालतं, काही फरक पडत नाही."

फरक पडतो. हे मला सगळ्यांना मोठ्याने सांगायचंय. ७२ तासांनंतर वाचलेली मॅन्टू वाया गेलेली असते, तिला निगेटिव्ह म्हणता येत नाही. मी ते कागद घेऊन समाधानाने घरी बसले असते तर त्याच आठवड्यात इंजेक्शन घेतलं असतं. त्या माणसाला बहुधा याची कल्पनाही नव्हती, पण त्याच्या हातून एक खोटा शून्य छापला गेला होता.

डॉक्टरांनी तारखा पाहिल्या, रिपोर्ट बाजूला सारला आणि म्हणाले, "हा मला चालणार नाही." मग मी काकांची गोष्ट सांगितली. सांगताना आवाज का कापत होता कोण जाणे, चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं. डॉक्टरांनी फाइलचं पहिलं पान काढलं, "नाही" खोडलं आणि लिहिलं, "काका, १९८४, एकाच घरात, रुग्ण तेव्हा ६ वर्षांची". मग म्हणाले, "बाई, लागण त्यांच्यापासूनच झाली असं मी म्हणणार नाही. आपल्या देशात बसमध्ये, बाजारात, कुठेही होऊ शकते. पण हे कळल्यावर मी टेस्टकडे वेगळ्या नजरेने बघणार."

त्यांनी पुढची टेस्ट रक्ताची सांगितली. इग्रा तिचं नाव, पण लॅबमध्ये सगळे 'टीबी गोल्ड' म्हणतात. माझ्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लशीचा वण आहे. बीसीजी घेतलेल्यांची मॅन्टू कधी कधी त्या लशीमुळेही उठते. रक्ताच्या टेस्टमध्ये टीबीच्या जंतूची जी दोन प्रथिनं वापरतात ती बीसीजीत नसतात, म्हणून तो गोंधळ टळतो. चार छोट्या नळ्यांत एक-एक मिलीलीटर रक्त घेतात, नळ्या हलवतात आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. आपल्या पेशी त्या प्रथिनांना ओळखत असतील तर इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य सोडतात. तेच मोजायचं.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला, "इनडिटरमिनेट". पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्हही नाही. दोन-अडीच हजार रुपये गेले आणि हाती काहीच नाही, असं वाटून मी फार खचले. डॉक्टरांनी चौथ्या नळीचा आकडा दाखवला. त्या नळीत असं काही घालतात की कुणाच्याही पेशी जाग्या व्हाव्यात. माझ्या तिथेही पुरेशा जाग्या झाल्या नव्हत्या, कारण स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट त्यांना दाबून ठेवत होते. मला ते वर्गासारखं वाटलं. घंटा वाजवली तरी मुलं उठली नाहीत, तर एकेकाचं नाव घेतल्यावर कुणी 'हजर' म्हटलं नाही यावरून वर्ग रिकामा आहे असं कसं म्हणणार?

म्हणून पुन्हा मॅन्टू, या वेळी डाव्या हातावर. मंगळवारी, २४ सप्टेंबरला टोचून घेतली, म्हणजे गुरुवार-शुक्रवार मोकळे. गुरुवारी डॉक्टरांनी स्वतः वाचली. ते वाचणं मी विसरणार नाही. त्यांनी हात टेबलावर आडवा ठेवला, कोपर थोडं वाकवलं. लालीकडे बघितलंसुद्धा नाही. लाली मोजायची नसते, घट्टपणा मोजायचा असतो. साधं बॉलपेन घेतलं आणि लालीच्या बरंच बाहेरून कातडीवर हलकेच रेघ ओढत मधल्या जागेकडे आणली. एका ठिकाणी पेन अडलं. तिथे थांबले. मग उलट्या बाजूने तसंच. दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर हाताच्या रुंदीत, लांबीत नव्हे, पारदर्शक पट्टीने मोजलं. सात मिलिमीटर.

मला वाटलं सुटले. गुगलवर दहाच्या खाली म्हणजे निगेटिव्ह असं वाचलं होतं. डॉक्टरांनी मान हलवली. "दहा निरोगी माणसासाठी. तुमची प्रतिकारशक्ती आम्हीच औषधांनी दाबलीय. अशा माणसाला पाच पुरे. दाबलेल्या अवस्थेतही सात उठलंय, आणि घरात काका होते. मी याला पॉझिटिव्ह धरतो."

एक्सरे स्वच्छ आला. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, चारही प्रश्नांना माझं उत्तर "नाही". म्हणजे चालू टीबी नाही, सुप्त आहे. यातला चालू टीबी नाही याची खात्री करणं सर्वांत महत्त्वाचं, कारण सुप्त टीबीला एखादं औषध पुरतं, पण चालू टीबीला तेच एकटं दिलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, छातीच्या विभागात पाठवलं. तिथे पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा एक्सरे उजेडावर धरून पाहणं, आणि निक्षय या सरकारच्या टीबीच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद. सरकारी कार्यक्रमात २०२१ पासून टीएनएफ अडवणारी औषधं घेणाऱ्यांनाही ही प्रतिबंधक गोळी मिळते, फुकट. दोन पर्याय होते. आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनच्या, किंवा सहा महिने रोज एक आयसोनियाझिड. रिफापेंटिन इतर औषधांचा जोर कमी करतं आणि माझ्या डब्यात आधीच पाच प्रकारच्या गोळ्या होत्या, म्हणून मला दुसरा दिला. रोज ३०० मिलीग्रॅम, रिकाम्या पोटी, सोबत बी-सिक्स जीवनसत्त्व, नाहीतर पायांना मुंग्या येतात.

४ ऑक्टोबरला पहिली गोळी घेतली. बायोलॉजिकसाठी आणखी एक महिना थांबायचं होतं. तो महिना फार कठीण गेला. सांधे ठणकत होते, औषध दिसत होतं पण हातात येत नव्हतं. एका रात्री हे म्हणाले, "महिन्याने काय बिघडतं, आताच घेऊन टाक की." माझ्यासाठीच म्हणत होते. मी नाही ऐकलं. काकांचं खिळ्याला टांगलेलं ताट डोळ्यांसमोर होतं.

गोळ्या दर महिन्याला जवळच्या आरोग्य केंद्रातून आणायच्या. तिथे मला एका पालकाने पाहिलं आणि दोन दिवसांत शाळेत पोचलं की बाईंना टीबी झालाय. मधल्या सुट्टीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. एका आईने मुलाला दोन दिवस पाठवलंच नाही. माझ्या आजोबांनी काय केलं असतं ते मला माहीत होतं. पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं असतं. मी मुख्याध्यापिकांना विचारून शनिवारच्या पालकसभेत दहा मिनिटं मागून घेतली आणि सगळं सांगितलं. काका, मॅन्टू, सात मिलिमीटर, सगळं. मला आजार नाही, माझ्यापासून कुणाला लागणार नाही, आणि आजार होऊ नये म्हणून ही गोळी. बोलून झाल्यावर मागच्या बाकावरची एक आजी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या ह्यांनाही होता. कुणाला सांगितलं नाही कधी." पुढच्या आठवड्यात तो मुलगा शाळेत आला.

माशांचं मात्र मला आधी कुणी नीट सांगायला हवं होतं. गोमेकॉतल्या सिस्टरनी सांगितलं होतं, "बांगडा, कुपा ताजा असेल तरच खा, शिळा नको." मी कानाआड केलं, कारण गोव्यात जन्म गेला, बांगड्याने काय होतं? दिवाळीच्या आधी एका सोमवारी दुपारची बांगड्याची आमटी रात्री गरम करून खाल्ली. दुपारभर ती ओट्यावरच राहिली होती. अर्ध्या तासात तोंड तापलं, आरशात पाहिलं तर चेहरा आणि गळा लालभडक. डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड सुरू झाली. मुलगी घाबरून रडू लागली. आरोग्य केंद्रात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, गोळ्यांची पट्टी पाहिली आणि ओळखलं. बांगड्यासारखा मासा थंड न ठेवता राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि शिजवून ते जात नाही. एरवी आपलं शरीर ते निस्तरतं, पण आयसोनियाझिड ते निस्तरणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, दोन तासांत उतरलं. त्यानंतर सहा महिने मी बांगडा फक्त सकाळी बाजारातून आणला त्याच दुपारी खाल्ला, आणि उरला तर मांजराला. तुमच्या घरी कुणी ही गोळी घेत असेल आणि किनारपट्टीवर राहत असेल तर एवढं लक्षात ठेवा. दारू तर या काळात पूर्ण बंदच ठेवायची, मेथोट्रेक्सेटसोबत लिव्हरवर आधीच दोघांचा भार असतो.

लिव्हरची तपासणी दर महिन्याला झाली. दुसऱ्या महिन्यात एसजीपीटी हा लिव्हरचा आकडा ७१ वर गेला. ४० पर्यंत चालतं. मी धास्तावले. डॉक्टर म्हणाले, लक्षणं नसताना पाच पटीपर्यंत आणि मळमळ, कावीळ अशी लक्षणं असतील तर तीन पटीपर्यंत आकडा गेला की गोळी थांबवतात, आपण अजून दुपटीच्या आत आहोत. त्यांनी मेथोट्रेक्सेट थोडं कमी केलं. पुढच्या महिन्यात ४८, मग ३९.

पहिलं अडॅलिमुमॅब ५ नोव्हेंबरला घेतलं. दिवाळी होऊन गेली होती, रस्त्याकडेला नरकासुरांचे जळके सांगाडे अजून पडलेले. तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी मी वेणी घातली, आणि घालून झाल्यावर लक्षात आलं की आपण घातली. स्टेरॉइड डिसेंबरात कमी होत होत बंद झालं. आयसोनियाझिडची शेवटची गोळी २ एप्रिलला घेतली आणि निक्षयवर 'उपचार पूर्ण' अशी नोंद झाली.

मॅन्टू आता पुन्हा करायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. एकदा उठली की ती पुढेही उठतच राहते, गोळ्या पूर्ण झाल्या तरी, त्यामुळे तिच्यावरून नवीन काही कळत नाही. लक्ष लक्षणांवर ठेवायचं. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, विनाकारण घटणारं वजन, मानेत गाठ. त्यानंतरच्या जुलैत पावसात खोकला धरला. दहाव्या दिवशीच मी फोन केला, थांबले नाही. त्या आठवड्याचं इंजेक्शन पुढे ढकललं, थुंकी तपासली, एक्सरे काढला. दोन्ही स्वच्छ. साधा पावसाळी खोकला होता, चार दिवसांत गेला आणि इंजेक्शन पुढच्या मंगळवारी घेतलं.